रामकुंड कोरडं आणि चार महिन्यांत महापूर : २०१६ ची आठवण



पहाटेपासून झड लागलीये. हवा गार झाली, माना टाकलेलं सोयाबीन पुन्हा उभं राहिलं. लांबलेल्या उघडिपीनंतर असा पाऊस आला की मला २०१६ आठवतं.

त्याआधीचे दोन पावसाळे लागोपाठ तुटीचे गेले होते. देशात २०१४ ला सरासरीच्या ८८ टक्के आणि २०१५ ला ८६ टक्केच पाऊस झाला. २०१५ ला तर एल निनोही जोरात होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आपल्या नाशकात रामकुंड कोरडं पडलं. सात-आठ महिन्यांपूर्वी जिथं सिंहस्थाची शाहीस्नानं झाली, तिथं गुढीपाडव्याला टँकरने पाणी आणावं लागलं.

आणि २ ऑगस्टला त्याच गोदावरीला महापूर आला. नाशकात पुराची जुनी खूण म्हणजे दुतोंड्या मारुती. तो पाण्याखाली गेला. खाली निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरीत पाणी शिरलं. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला.

पूर बघून आपण म्हणतो, "दुष्काळ फिटला." पण फिटतो तो नदीचा. विहिरीचं गणित वेगळं असतं.

आपल्या रानाखाली काळा कातळ आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. धो-धो पावसाचं बरंच पाणी वाहून जातं, संथ झडीचं जास्त मुरतं. शिवाय गोदेचा पूर येतो तो मुख्यतः त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसाचा. रामकुंडाचा पूर बघून येवल्याच्या विहिरीचा अंदाज बांधता येत नाही.

२०२३ लाही हेच दिसलं. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट गेला. सप्टेंबरात पाऊस परतला, आपणही सुटकेचा श्वास टाकला. तरी ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळी तालुके जाहीर केले, त्यात मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. उशिरा आलेल्या पावसाने पीक हिरवं दिसलं, म्हणून मागची तूट भरून निघत नाही.

म्हणून आज आनंद करा, पण हिशेबही ठेवा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १ लाख लिटर पाणी. त्यातलं आपल्या रानात किती थांबलं? बांध फुटला असेल तर आजच सांधा. उताराला आडव्या सऱ्या ठेवा. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालू नका. आणि दर आठवड्याला विहिरीत दोर सोडून पातळी वहीत लिहा.

तुमच्याकडं किती पाऊस झाला आणि विहिरीला किती हात पाणी आलं, खाली नक्की सांगा.