‘वर्ग ३’ची कुळकथा

ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटरचं अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून पार केलं. विश्वविक्रम झाला आणि भारताच्या खात्यात पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक पडलं. ऑलिंपिकमध्ये तसं पदक यायला अभिनव बिंद्राची, म्हणजे २००८ सालाची, वाट पाहावी लागली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळे आता घरोघरी माहीत झाले आहेत, तेव्हा त्यांचं सगळं चरित्र इथे पुन्हा सांगत नाही. मला कुतूहल आहे ते निकालाच्या कागदावरच्या एका आकड्याचं. शर्यतीचं नाव नुसतं ‘५० मीटर फ्रीस्टाइल’ नव्हतं, ‘५० मीटर फ्रीस्टाइल ३’ असं होतं. हा तीन म्हणजे तिसरी फेरी नव्हे की तिसरी लेन नव्हे. पाठीच्या कण्यात इजा कुठे झाली आहे, त्याचा तो पत्ता होता.

पत्ता देण्याची ही रीत मैदानावर जन्मली नाही, इस्पितळात जन्मली. ब्रेस्लाऊचे ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ लुडविग गुटमान हिटलरच्या जर्मनीतून निसटून १९३९ साली इंग्लंडला पोचले. फेब्रुवारी १९४४ मध्ये लंडनजवळच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात जखमी सैनिकांसाठी मज्जारज्जूच्या इजांचा खास विभाग उघडला आणि तो त्यांच्या हाती आला. त्या काळी कण्याला मार बसून पाय गेलेला माणूस फार दिवसांचा सोबती मानला जात नसे. पडून पडून पाठीला जखमा होत, लघवीच्या मार्गात जंतू शिरत आणि खेळ संपे. गुटमानांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची शिस्त लावली. मग त्यांना उठवून बसवलं, आणि बसवल्यावर हातात काही तरी द्यायला हवं म्हणून खेळ दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९५२ मध्ये डच संघ आला, १९६० मध्ये हा मेळा रोमला गेला आणि पुढे त्यालाच पॅरालिंपिक म्हणू लागले.

सोळा जण होते तोवर कोण कुणाशी लढतो याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. संख्या वाढली तसा तंटा आला. दोघेही खुर्चीत बसलेले, पण एकाचा मार मानेखाली आणि दुसऱ्याचा कमरेपाशी. पहिल्याला धड सावरता येत नाही, दुसरा कमरेपर्यंत धडधाकट. ही कसली बरोबरी? गुटमान आणि त्यांचे सहकारी डॉक्टर होते, त्यामुळे त्यांना सुचलेला तोडगाही डॉक्टरी होता. मणके मोजायचे. मान एका वर्गात, छातीचा वरचा भाग दुसऱ्या, खालचा भाग तिसऱ्या, कंबर त्यापुढच्या. रुग्णाच्या केसपेपरवरची नोंद उचलून जशीच्या तशी खेळात आणली. पेटकरांचा तीन हा असा.

पेटकर फौजेच्या ईएमई या तांत्रिक दलात होते आणि मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईच्या कुलाब्यातल्या नौदलाच्या अश्विनी इस्पितळात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात सोडलं. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले होते. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या मदतीने परदेशवाऱ्या जमल्या. पण सुवर्ण पाण्यातच यावं याला शरीरशास्त्रातलंही कारण आहे. आमच्या पालघरकडच्या माकुणसारसारख्या गावांत पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना रिकामा डबा पाठीला, कमरेच्या जरा वर बांधतात, हाताला नाही. कारण बुडते ती कंबर आणि तिच्यामागून पाय. पोटापाठीचे स्नायू ऐकत असतील तर डब्यावाचूनही कंबर वर राहते. नसतील ऐकत, तर पाय नांगरासारखे खाली ओढतात आणि खांदे कितीही दणकट असले तरी निम्मी ताकद त्या ओढीशी झुंजण्यात जाते. वरच्या वर्गाचा आणि खालच्या वर्गाचा पोहणारा शेजारी शेजारी सोडला तर शर्यत पाण्यात उतरण्याआधीच लागलेली असते. म्हणून माझ्या मते या क्रीडाप्रकाराचा खरा शोध हलकी खुर्ची किंवा पात्यासारखा कृत्रिम पाय हा नव्हे. वर्ग हा खरा शोध आहे.

शोध मोठा, पण कच्चा. १९७६ ला टोरंटोत हात-पाय गमावलेले आणि अंध खेळाडू आले, १९८० ला सेरेब्रल पाल्सीचे आले, आणि प्रत्येक गटाने आपापल्या डॉक्टरांची वेगळी यादी बरोबर आणली. यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘इतर’ नावाचा गट काढावा लागला. सरकारी फॉर्मवरचा शेवटचा रकाना असतो ना, तोच. १९८४ मध्ये भारताचे भीमराव केसरकर भालाफेकीत रौप्यपदक जिंकले आणि त्याच स्पर्धेत जोगिंदर सिंग बेदींना कांस्य मिळालं, ते या ‘इतरां’च्या सहाव्या वर्गात.

याद्या इतक्या फुगल्या की १९८८ च्या सोलमध्ये सातशेहून अधिक सुवर्णपदकं वाटावी लागली. काही शर्यतींना तर स्पर्धकच पुरेसे नसत. मग प्रश्न उलटा विचारायला सुरुवात झाली. काय गेलं आहे हे विचारण्याऐवजी, या खेळात काय करता येतं ते बघा. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये जर्मनीच्या होर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी ही दिशा आधीच दाखवली होती. तिथे आज प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण मिळतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यामुळे जास्त इजा झालेला खेळाडू संघाला ओझं होत नाही, उलट हवासा होतो. अख्ख्या व्यवस्थेत इतकी शहाणी युक्ती मला दुसरी दिसत नाही. १९९२ च्या बार्सिलोनात पोहण्याचे वर्ग असेच नव्याने बांधले. कुणाचा कणा मोडलेला, कुणाचा पाय कापलेला, पण पाण्यात दोघांची क्षमता सारखी, तर दोघे एका वर्गात. सुवर्णपदकं पाचशेच्या आत आली.

यात लबाडी शिरणारच होती. २००० मध्ये सिडनीत बौद्धिक अक्षमतेच्या बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या संघातल्या बहुतेकांना तशी काही अक्षमताच नव्हती हे उघड झालं आणि तो अख्खा गट २०१२ पर्यंत बाहेर राहिला. शिक्षा भोगली ती खऱ्या खेळाडूंनी. टोकियो पॅरालिंपिकमध्ये भारताच्या विनोद कुमार यांनी थाळीफेकीत मिळवलेलं कांस्य, ते त्या वर्गात बसत नाहीत असं ठरल्यावर, दुसऱ्याच दिवशी गेलं. आणि लबाडी नसतानाही वर्ग छळतो. देवेंद्र झाझडिया २००४ मध्ये भालाफेक जिंकले आणि पुन्हा जिंकले थेट २०१६ मध्ये. मधल्या दोन पॅरालिंपिकमध्ये त्यांच्या एफ-४६ वर्गाची भालाफेकच ठेवली नव्हती. चांगली बारा वर्षं.

एफ म्हणजे फेकीचे मैदानी प्रकार, टी म्हणजे धावपट्टी आणि उड्या, आणि ४६ च्या आसपासचे आकडे हातांच्या इजांचे. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी याच एफ-४६ मध्ये गोळा फेकतात. पॅरिसला २०२४ मध्ये १६.३२ मीटरवर त्यांना रौप्य मिळालं, सुवर्ण अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकलं. नाशिक जिल्ह्यातला दिलीप गावित २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटर जिंकला तो टी-४७ मध्ये, आणि ते भारताचं तिथलं शंभरावं पदक होतं.

आपल्याकडे मात्र अजून टक्क्यांची भाषा चालते. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असला की सवलती मिळतात. तो काढायला पालघरकडच्या लोकांना २०१४ पर्यंत, जिल्हा वेगळा होईपर्यंत, ठाणे गाठावं लागे. खेळात हा टक्का कुणी विचारत नाही. ऐंशी टक्केवाल्याला वर्ग मिळेल आणि पन्नासवाल्याला मिळणार नाही असं होतं, किंवा याच्या नेमकं उलटंही. स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल तपासतात, मग पोहणाऱ्याला पाण्यात उतरवून बघतात, आणि गरज पडली तर प्रत्यक्ष शर्यतीतही डोळा ठेवतात. मिळालेला वर्ग कायमचा असेलच असंही नाही. पुढच्या स्पर्धेला पुन्हा तपासणीला बोलावू शकतात, आणि तिथे आकडा बदलला तर सरावातले विक्रम, पात्रतेच्या वेळा, समोरचे प्रतिस्पर्धी, सगळं बदलतं. गावाकडच्या पोराला प्रशिक्षकाच्या आधी हे समजावणारं कुणी तरी भेटायला हवं.