अफरवट, दुपारी साडेबारा

मे महिन्यात वैनगंगेकाठचा पारा पंचेचाळिशीला टेकला, की भंडारा जिल्ह्यातल्या पवनीतली कुटुंबं काश्मीरच्या सहलीला निघतात. गुलमर्गच्या गंडोल्यात, म्हणजे तारेवरच्या पाळण्यात, बसून अफरवटच्या डोंगरावर जातात, मुलांना बर्फात लोळू देतात, फोटो काढून परततात. त्याच डोंगरावर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलन झालं. आपल्याकडच्या बातम्यांत ते दुपारी साडेबाराला सुरू होऊन तिथेच संपलं. खरं तर त्याची घटका दोन दिवस आधीच भरायला लागली होती.

सोमवार, ३० जानेवारी, दुपार. उरले ४८ तास.

श्रीनगरमध्ये भारत जोडो यात्रेची सांगता सभा भर बर्फवृष्टीत झाली. डोक्या-खांद्यांवर बर्फ घेऊन बोलणारे नेते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. खोऱ्यातल्या त्या बर्फाचं कौतुक झालं. डोंगरावर मात्र पडलेला बर्फ पडल्या जागी राहत नाही. वारा तो कड्यावरून उचलतो आणि आडोशाच्या उतारांवर नेऊन टाकतो, त्यामुळे तिथे आभाळातून पडला त्यापेक्षा कितीतरी जास्त साचतो. खाली जुना बर्फ असतो. कडाक्याच्या थंडीत त्याचे कण सुटे, टोकदार होतात आणि एकमेकांना धरत नाहीत. धानाच्या गोदामात काम करणाऱ्याला हे लगेच कळेल: सांडलेल्या दाण्यांवर पोत्यांची थप्पी लावली तर ती उभी राहते, पण कुणाच्या धक्क्याने सरकेल ते सांगता येत नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी. उरले २४ तास.

डोंगराळ जिल्ह्यांना हिमस्खलनाचे इशारे दिले गेले होते. बर्फ पडायचा थांबला म्हणजे धोका टळला, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि घातही तिथेच होतो. नव्या थराला खालच्या थरावर बसायला वेळ लागतो. मोठी हिमस्खलनं बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. स्की करायला सर्वांत रंगतदार उतारही तेच. या योगायोगाला इलाज नाही.

बुधवार, सकाळ. उरले तीन-साडेतीन तास.

गंडोल्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. २,६५० मीटरवरच्या गुलमर्गहून तो माणसाला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. इतक्या उंचीवर पायी चढायला जो दम लागतो तो इथे लागत नाही, म्हणून जगभरचे स्कीपटू गुलमर्गला येतात. त्या दिवशी २१ परदेशी पाहुणे आणि दोन स्थानिक वाटाडे तीन गटांत निघाले होते.

त्यांना वर कशाची ओढ होती, तेही समजून घ्यायला हवं. ताज्या कोरड्या बर्फात बहुतेक हवाच असते. त्याचं वजन पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहूनही कमी. त्यात स्की रुततही नाही आणि घासतही नाही, तरंगते. दाबलेल्या उतारावरची खरखर थांबते. वळण घेतलं की बर्फ छातीपर्यंत उसळतो, क्षणभर दिसेनासं होतं, आणि पुढचं वळण पाय आपोआप घेतात. स्नोबोर्डवाला मागच्या पायावर भार देऊन पुढचं टोक वर ठेवतो आणि पडला तरी त्याला लागत नाही. हा आनंद खोटा नाही. त्यासाठी माणसं अर्धं जग ओलांडून येतात, त्यांना वेडं ठरवायला मी तयार नाही.

सकाळी ११. उरला दीड तास.

गुलमर्गमध्ये गंडोल्याच्या हद्दीतले उतार स्की-गस्तीच्या नजरेखाली असतात. हद्दीबाहेर जो जातो, त्याने उतार स्वतः पारखायचा असतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पृष्ठभागावर तडा धावत गेला, तर उतार बोलला असं समजून माघारी फिरायचं. एकावेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहायचं. हिमस्खलनात सापडणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत ते त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच भाराने सुटलेलं असतं.

दुपारी १२.३०.

अफरवटच्या हापतखुड भागात बर्फाचा लोंढा सुटला.

१२.३१ पासून पुढे.

लोंढा थांबला की मघाचा तो हलका बर्फ सिमेंटसारखा आवळतो. आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. या मिनिटांत हेलिकॉप्टर कामी येत नाही, सोबती कामी येतात. प्रत्येकाच्या अंगावर संदेश सोडणारा नि पकडणारा ट्रान्सीव्हर हवा, पाठीवर लांब सळई आणि फावडं हवं. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण वाचतात. पस्तीस मिनिटांनंतर तिघांतला एक. मधल्या वीस मिनिटांत माणसं जातात ती बहुतेक गुदमरून.

दुपार.

१९ परदेशी आणि दोन्ही वाटाडे सुखरूप बाहेर आले. पोलंडचे दोन स्कीपटू गेले. तेविसातले एकवीस वाचले, याचं श्रेय मदतीला धावून गेलेल्यांना द्यायलाच हवं.

हा डोंगर अशा संकटाला नवखा नव्हता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी इथल्याच खिलनमर्गला लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले होते, आणि तेही प्रशिक्षण घेताना.

१० फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गमध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या. महाराष्ट्राचाही संघ उतरला. आपल्या मुलांनी बर्फावर जावंच, असं मला वाटतं. पण त्यांना वळणं शिकवताना उताराचा कोन मोजायला आणि सोबत्याला खणून काढायलाही त्याच आठवड्यात शिकवलं पाहिजे. कारण पुढच्या वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खिलनमर्गच्या बाजूला पुन्हा लोंढा आला आणि एक रशियन स्कीपटू गेला. खेलो इंडियाचे सामने त्या दिवशीही गुलमर्गमध्ये सुरू होते.