मर्यादेचें व्रत : युरोपांतील संगणककलेच्या स्पर्धा

कलांच्या इतिहासांत त्यांचें कूळ शोधूं गेलें असतां पुष्कळदां संकोच वाटण्याचा प्रसंग येतो. आज सभ्य समाजांत मान पावलेली एकादी कला आरंभीं बाजारांत किंवा जत्रेंत वाढलेली आढळते. तमाशा आणि लावणी यांच्या वांट्यास आलेली उपेक्षा आमच्या वाचकांस माहीत आहेच. परंतु चोरीच्या मालावर केलेल्या सहींतून एक कला जन्मास यावी, आणि चाळीस वर्षांच्या आंत एका राष्ट्रानें तिला आपल्या सांस्कृतिक वारशांत स्थान द्यावें, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे. युरोपांतील ‘डेमो’ नांवाच्या संगणककलेचा इतिहास असा आहे. आणि तो मुख्यतः तिच्या स्पर्धांचा इतिहास असल्यामुळें त्याचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९८२ त ‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक अमेरिकेंत विक्रीस आला व लवकरच युरोपांतील मध्यमवर्गीय घरांतून पसरला. त्यावरील खेळांची नक्कल कोणी करूं नये म्हणून उत्पादक त्यांस एक प्रकारचें कुलूप घालीत. आणि तें फोडून खेळ मित्रमंडळींत वांटणें हा कित्येक शाळकरी मुलांचा उद्योगच होऊन बसला. कुलूप फोडणारा खेळाच्या आरंभीं आपल्या टोळीचें टोपणनांव, सरकत जाणारीं अक्षरें आणि एक लहानशी धून जोडून देई. या प्रास्ताविकास ‘इंट्रो’ म्हणत. कृत्य बेकायदेशीर होतें यांत संशय नाहीं. पण हळूहळू असें घडलें, कीं खेळापेक्षां त्या सहीचेंच कौतुक अधिक होऊं लागलें. कोणाचीं अक्षरें अधिक सुरेख नाचतात याची चुरस लागली. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सही मालापासून वेगळी होऊन स्वतंत्र रचना बनली. संगणकानें पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत रचलेलें चित्र आणि वाजविलेलें संगीत, असें तिचें स्वरूप होतें.

चुरस आली म्हणजे सभा आली. डेन्मार्कमध्यें ‘द पार्टी’ हा मेळावा १९९१ च्या डिसेंबरांत, नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत, प्रथम भरला. फिन्लंडांत १९९२ च्या उन्हाळ्यांत कौनिआइनेन येथें ‘असेंब्ली’चा आरंभ झाला. स्पर्धक आपापलीं यंत्रें घेऊन जमत आणि रात्र जागून शेवटच्या घटकेपर्यंत आज्ञावली दुरुस्त करीत. मग साऱ्या रचना मोठ्या पडद्यावर दाखविल्या जात, व जमलेले लोकच मतें देऊन निकाल लावीत. या प्रेक्षकांतील पुष्कळजण स्वतः रचनाकार असल्यामुळें हातचलाखी आणि कसब यांतील भेद त्यांस सांगावा लागत नसे. १९९३ च्या असेंब्लींत ‘फ्यूचर क्रू’ या फिनिश मंडळीची ‘सेकंड रिॲलिटी’ पहिली आली, आणि कचेरींतील हिशेबाचें यंत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पीसीची योग्यता तिनें दाखवून दिली. वीस वर्षांनीं, २०१३ त, तिच्या कर्त्यांनीं तिची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली. दुसऱ्याचीं कुलुपें फोडण्यापासून निघालेली परंपरा अशा रीतीनें स्वतःचें दार उघडण्यापर्यंत आली.

या स्पर्धांचें मर्म त्यांच्या आकारमानाच्या नियमांत आहे. एका वर्गांत संपूर्ण रचना ६४ किलोबाइटांत, म्हणजे ६५,५३६ बाइटांत, बसली पाहिजे; दुसऱ्यांत अवघ्या ४,०९६ बाइटांत. बाइट म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतों, कीं प्रचलित पद्धतीनें एक देवनागरी चिन्ह सांठविण्यास तीन बाइट लागतात. प्रस्तुत निबंधाचा निम्मा भागहि ४,०९६ बाइटांत मावणार नाहीं. यांपैकीं ६४ किलोबाइटांची मर्यादा मूळची कोणी हौसेनें घातलेली नव्हे. जुन्या डॉस प्रणालींत एका प्रकारची आज्ञावली याहून मोठी असूंच शकत नसे. पुढें तें बंधन गेलें. २००० सालच्या साध्या घरगुती संगणकाच्या डिस्कवर असल्या लाखभर रचना मावल्या असत्या. तरीहि स्पर्धकांनीं नियम सोडला नाहीं. दारिद्र्यानें घडविलेला उपवास सुबत्तेंत व्रत म्हणून पाळला गेला, आणि आमच्या मतें तेव्हांच ही करमणूक कलेच्या पदवीस पोंचली.

त्या व्रताचें फळ लवकरच दिसलें. २००० च्या डिसेंबरांत ‘द पार्टी’च्या मेळाव्यांत ‘फारब्राउश’ या जर्मन मंडळीनें ‘द प्रॉडक्ट’ ही रचना सादर करून ६४ किलोबाइटांचा वर्ग जिंकला. दहा मिनिटांहून अधिक वेळ चालणारें दृश्य, त्यांतील पृष्ठांचे पोत आणि संगीत, सर्व कांहीं त्या मर्यादेंत होतें. युक्ति अशी, कीं चित्र सांठवावयाचें नाहीं. तें काढण्याची रीत सांठवावयाची. रांगोळी शिकविणारी बाई रांगोळी घरोघर वाहून नेत नाहीं. ठिपके किती आणि रेघ कोठून कोठें न्यावयाची, एवढेंच सांगते. २००९ त जर्मनींतील बिंगेन येथें ‘ब्रेकपॉइंट’ मेळाव्यांत ‘एलिव्हेटेड’ या रचनेनें ४,०९६ बाइटांत हिमाच्छादित पर्वतांच्या रांगा संगीतासह उभ्या केल्या. त्यांतील एकहि शिखर आधीं चितारलेलें नाहीं. गणिताच्या सूत्रांतून तीं शिखरें दरवेळीं नव्यानें घडतात. सूत्रांतील एकादी मात्रा वाचविण्यांत आमच्या वैयाकरणांस जो आनंद वाटे, त्याच जातीचा हा आनंद होय.

ही कला नसून केवळ कारागिरी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मम्मटानेंहि व्यंग्यार्थ नसलेल्या चित्रकाव्यास काव्यांत सर्वांत खालची पायरी दिली. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. चमत्कारापलीकडे न जाणाऱ्या डेमो पुष्कळ आहेत. परंतु स्पर्धेचा नियम नीट पाहिला असतां त्याचें उत्तर त्यांतच सांपडतें. मर्यादा सर्वांस सारखीच असल्यामुळें ती पाळली एवढ्यानें कोणीच जिंकत नाहीं. मत पडतें तें त्या मर्यादेंत काय साधलें यावर. समस्यापूर्तींत शेवटचा चरण सर्व कवींस एकच मिळतो. त्यांतून ज्याचें काव्य होतें, तोच बाजी मारतो.

एप्रिल २०२० मध्यें फिन्लंडानें, आणि मार्च २०२१ मध्यें जर्मनीनें, या परंपरेस आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादींत स्थान दिलें. हा सन्मान योग्यच आहे. पण त्यानें निश्चिंत होतां येत नाहीं. जुनीं यंत्रें बिघडत चाललीं आहेत. रचनांचीं ध्वनिचित्रमुद्रणें करून ठेवतां येतात. परंतु मुद्रणास मर्यादा नसते, आणि मर्यादा काढली कीं या कलेचा प्राणच गेला. १९९० च्या सुमारास रात्री जागविणारीं मुलेंहि आतां पन्नाशीच्या घरांत आलीं आहेत. म्हणून जतन करावयाचा तो मेळावा. २०११ पासून ईस्टरच्या सुटींत जर्मनींतील झारब्रुकेन येथें ‘रिव्हिजन’ हा मेळावा भरत आला आहे. तेथें एकादा पंधरा वर्षांचा मुलगा ज्येष्ठांच्या शेजारीं बसून बाइट मोजीत असेल, तोंवर या कलेस यादीच्या आधाराची गरज पडणार नाहीं.