गोल्फ, कोरड्या मैदानांवरील

गोल्फ, कोरड्या मैदानांवरील : पाण्याची टंचाई अथवा दीर्घ उन्हाळा असलेल्या प्रदेशांत, गवत वाळून तपकिरी झालेल्या किंवा मुळातच गवत नसलेल्या मैदानांवर खेळण्यात येणारा गोल्फ. अशा मैदानांवर भोकाभोवतीच्या हिरवळीऐवजी पुष्कळदा तेलमिश्रित वाळूचे सपाट वर्तुळ तयार करण्यात येते. हिरवळीला जसे ‘ग्रीन’, तसे या वर्तुळाला ‘ब्राउन’ असे म्हणतात. सदैव हिरवेगार मैदान हेच गोल्फचे स्वाभाविक स्वरूप होय, असा समज सर्वत्र रूढ आहे; तथापि या खेळाच्या इतिहासाचा त्यास आधार मिळत नाही. मुंबई, तिची उपनगरे आणि दख्खनचे पठार या भागांतील गोल्फचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. कारण चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडी हवा, अशा ऋतुमानात मैदान बारमाही हिरवे ठेवावयाचे झाल्यास ते पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न येथे आरंभापासूनच उभा राहिला.

उगम : गोल्फचा विकास स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या वालुकामय पट्ट्यांत झाला. हा खेळ तेथे इतका लोकप्रिय झाला होता की, धनुर्विद्येच्या सरावात त्यामुळे व्यत्यय येतो म्हणून १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने त्यावर बंदी घातली. शेतीस निरुपयोगी असलेल्या या पट्ट्यांतील आखूड गवत मेंढ्या चरून बेताचे ठेवीत व पाऊस पडेल तेवढेच पाणी त्यास मिळे. उन्हाळ्यात पाऊस कमी झाला की, मैदान पिवळसर तपकिरी व टणक होई आणि चेंडू हवेतून जाण्यापेक्षा जमिनीवरून अधिक धावे. उतार, उंचवटे व वारा यांचा अंदाज घेऊन चेंडू घरंगळत नेणे, हे मूळ खेळातील कौशल्याचे एक प्रमुख अंग होते. सेंट अँड्रूझ येथील मैदानावर १७६४ मध्ये १८ भोकांची फेरी रूढ झाली, तेव्हाही कृत्रिम सिंचन नव्हते. आधुनिक काळातही या परंपरेचा प्रत्यय अधूनमधून येतो. २००६ साली इंग्लंडमधील हॉयलेक येथील रॉयल लिव्हरपूल मैदान कडक उन्हाने तपकिरी पडलेले असताना खुली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत विजयी झालेल्या टायगर वुड्सने चार फेऱ्यांत लांब पल्ल्याचा ‘ड्रायव्हर’ केवळ एकदाच वापरला. कारण टणक जमिनीवर लहान काठीने मारलेला चेंडूही पुरेसा दूर धावत होता.

प्रदेशाचे ऋतुमान : मुंबईच्या उपनगरांत वर्षाकाठी सरासरीने २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. ऑक्टोबरच्या उन्हात माळावरील गवत पिवळे पडू लागते व मार्चपर्यंत उघडी जमीन भेगाळते. ही अडचण प्राचीन काळापासूनची आहे. बोरीवलीच्या पूर्वेकडील डोंगरात असलेल्या कान्हेरी लेण्यांत भिक्षूंनी पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात खोदलेली टाकी, म्हणजेच पोढी, जागोजाग आढळतात. याच डोंगररांगेत ब्रिटिश अमदानीत विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधून मुंबईस पाणी नेण्यात आले. पुढे १८९२ मध्ये तानसा तलावाची त्यात भर पडली. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यमान झपाट्याने घटते. पुण्यास ते सु. ७०० मिमी. असून त्यापलीकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात त्याहूनही कमी आहे. या प्रदेशात हिरवळ टिकविणे म्हणजे पावसाळ्यातील साठविलेले पाणी उन्हाळ्यात खर्च करणे होय.

मुंबईतील प्रारंभ : भारतात गोल्फ ब्रिटिशांबरोबर आला. कलकत्ता येथील संस्था १८२९ मध्ये स्थापन झाली. ब्रिटिश बेटांबाहेरील ती सर्वांत जुनी गोल्फ संस्था मानली जाते. मुंबईत १८४२ मध्ये अशी संस्था निघाली व ती पुढे रॉयल बाँबे गोल्फ क्लब या नावाने ओळखली गेली. तिने सेंट अँड्रूझ येथील संस्थेस दिलेले रौप्यपदक ‘बाँबे मेडल’ या नावाने तेथील वसंतकालीन स्पर्धेत प्रसिद्ध आहे. मुंबईतील हा प्रारंभीचा खेळ फोर्टलगतच्या एस्प्लनेड या मोकळ्या मैदानावर चाले. किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्यास अडथळा येऊ नये म्हणून राखलेली ही जागा पावसाळ्यात हिरवी व एरवी रुक्ष असे. खेळाडूंनी ऋतूशी जुळवून घेतले. ऋतूस स्वतःशी जुळवून घेण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती. १८६० नंतर तटबंदी पाडून तेथे इमारती व रस्ते झाले, तेव्हा मैदानाचे तुकडे पडले. आजची ओव्हल, क्रॉस व आझाद मैदाने ही त्याचेच अवशेष होत.

उरलेल्या गवतावर हक्क कोणाचा, हा वाद लवकरच उपस्थित झाला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे जिमखान्याची जागा गोऱ्या सभासदांसाठी राखीव होती. भारतीयांना उरलेल्या मोकळ्या मैदानावर क्रिकेट खेळावे लागे व त्याच जागी यूरोपीय खेळाडू पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी उखडलेली जमीन उन्हाने तशीच कडक होऊन खेळास निकामी होई. १८८० नंतरच्या दशकात पारशी व अन्य भारतीय क्रिकेटपटूंनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकीकत १८९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हा वाद गोल्फचा नव्हे. परंतु कोरड्या प्रदेशात राखलेले गवत ही सामाजिक प्रतिष्ठेची व विशेषाधिकाराची खूण कशी बनते, हे त्यावरून स्पष्ट होते.

ब्राउनची रचना व खेळ : दख्खनच्या पठारावरील पुणे, देवळाली यांसारख्या लष्करी ठाण्यांत गोल्फचा प्रसार झाला. पाणी जेथे माणसे व जनावरे यांनाच जेमतेम पुरे, तेथे हिरवळीचा विचार करणे अशक्य होते. म्हणून भारतातील अनेक छावण्यांत व खाणींच्या वसाहतींत ब्राउनची पद्धत रूढ झाली. जमीन सपाट करून व ठोकून तीवर बारीक वाळूचा थर पसरण्यात येई आणि वाळू वाऱ्याने उडू नये म्हणून तीत तेल, बहुधा यंत्रांतून निघालेले जळके तेल, मिसळण्यात येई. वर्तुळाच्या मध्यभागी भोक असे. खेळाडूंच्या पावलांनी वाळू विस्कटत असल्यामुळे चेंडू ढकलण्यापूर्वी त्याच्या मार्गावरील वाळू लाकडी फळीने ओढून सारखी करीत. एरवी चेंडूच्या मार्गात फेरफार करण्यावर नियमांची कडक बंधने असतात. ब्राउनवर मात्र स्थानिक नियमांनी ही मुभा देण्यात येते.

ब्राउनवरील खेळाचे तंत्रही निराळे असते. हिरवळीवर उंचावरून टाकलेला चेंडू थांबतो. वाळूत तो रुततो. उलट, सभोवतालच्या टणक जमिनीवर पडलेला चेंडू उसळून फार पुढे जातो. त्यामुळे कुशल खेळाडू चेंडू वर्तुळाच्या अलीकडे टाकून घरंगळत आत नेतो. वाळूचा पृष्ठभाग बहुधा सपाट असल्याने उताराचा अंदाज घेण्याचे काम कमी होते. मात्र चेंडूची गती मंदावत असल्याने तो अधिक जोराने ढकलावा लागतो. खडकाळ जमिनीवर काठीचे पाते खराब होऊ नये म्हणून चेंडू उचलून बऱ्या जागी किंवा सोबत बाळगलेल्या लहानशा चटईवर ठेवण्याची सवलत पुष्कळ ठिकाणी असते. ब्राउनचा मोठा दोष म्हणजे तेलामुळे होणारे जमिनीचे प्रदूषण होय.

ही पद्धत केवळ भारतापुरती मर्यादित नव्हती. अमेरिकेतील पाइनहर्स्ट येथील प्रख्यात ‘क्रमांक दोन’च्या मैदानावरही १९३५ पर्यंत वाळूचीच वर्तुळे होती. अरबी आखातातील तेलवसाहतींत ब्राउनवरच गोल्फ खेळला जाई. त्या भागातील पहिले पूर्ण गवताळ मैदान दुबई येथे १९८८ मध्ये सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील कूबर पीडी या खाणगावातील मैदानावर आजही गवत नाही.

हिरवळीकडे वाटचाल : मुंबईचा पाणीपुरवठा वाढत गेला, तसे गोल्फचे रूपही पालटले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन (कार. १९१३–१८) यांच्या पुढाकाराने, भारतीय व यूरोपीय अशा दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब निघाला. उपनगरात चेंबूर येथे १९२७ मध्ये बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची स्थापना झाली. नळ, पंप, फवारे व गवत कापण्याची यंत्रे यांच्या साहाय्याने बारमाही हिरवळ शक्य झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर रंगीत छायाचित्रे व पुढे दूरचित्रवाणी यांमुळे अमेरिकेतील गर्द हिरव्या मैदानांचे चित्र जगभर पोहोचले आणि तेच आदर्श मानले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात निवासी वसाहती व विश्रामस्थाने यांना जोडूनही गोल्फ मैदाने तयार होऊ लागली.

पाण्याचा हिशेब : एक हेक्टर जमिनीवर १ मिमी. पाणी देणे म्हणजे १०,००० लि. पाणी देणे होय. उन्हाळ्यात गवतास दररोज सु. ५ मिमी. पाणी लागते असे धरल्यास, २० हेक्टर सिंचित क्षेत्रास दिवसाला १० लक्ष लि. पाणी लागेल. शहरी पाणीपुरवठ्याच्या दरडोई १३५ लि. या मानाने हे पाणी सु. ७,४०० माणसांना पुरेल. याउलट केवळ १८ हिरवळी, प्रत्येकी सु. ५०० चौ. मी. क्षेत्राच्या, जोपासल्यास रोज ४५,००० लि. म्हणजे सु. ३३० माणसांपुरते पाणी पुरते. याचा अर्थ असा की, खर्चाचे मूळ गोल्फ हे नसून, मैदानाचा प्रत्येक कोपरा हिरवा दिसलाच पाहिजे हा आग्रह आहे.

१९७२ च्या दुष्काळाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात हा हिशेब केवळ तात्त्विक राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेट सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी आयोजकांनी न्यायालयापुढे दर्शविली होती. वाद क्रिकेटचा असला, तरी गवताळ मैदानावर चालणाऱ्या सर्वच खेळांना तो लागू पडतो. गोल्फचे क्षेत्र क्रिकेटच्या मैदानाच्या कित्येक पट असल्याने त्यास तर तो विशेषच लागू पडतो.

यावरील उपायांत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा वापर, पावसाच्या पाण्याची साठवण व स्थानिक गवतांची निवड हे प्रमुख होत. हरळी अथवा दूर्वा (सायनोडॉन डॅक्टिलॉन) हे आपल्या शेतकऱ्यास चिवट तण म्हणून परिचित असलेले गवत जगातील उष्ण प्रदेशांतील गोल्फ मैदानांवर मोठ्या प्रमाणावर लावले जाते. पाणी तुटले की, ते वरून वाळून तपकिरी होते. परंतु जमिनीखालील खोडे जिवंत राहतात व पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. म्हणजे तपकिरी रंग हे येथे मृत्यूचे नव्हे, तर विश्रांतीचे लक्षण होय. पाइनहर्स्टच्या उपर्युक्त मैदानावर २०१० नंतर सु. १६ हेक्टरांवरील जोपासलेले गवत काढून तेथे वाळू व रानगवत पूर्ववत करण्यात आले आणि सिंचनाचे फवारे मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले. २०१४ ची अमेरिकन खुली स्पर्धा याच तपकिरी छटेच्या मैदानावर झाली.

चेंबूरमधील गल्लीतील गोल्फ : कोरड्या जमिनीवरील गोल्फचे एक निराळे रूप मुंबईच्या उपनगरातच निर्माण झाले. चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्या कामगारांनी, आपल्या गल्ल्यांतून गोल्फ खेळण्यास सुरुवात केली. बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या जातात व घरांना अपाय होऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे चेंडू वापरले जातात. गवत नाही, वाळूचे वर्तुळही नाही. तुडवून घट्ट झालेली माती, भिंती व पन्हळी पत्रे हेच अडथळे आणि हेच मैदान. अंतराचा अंदाज, काठीचा झोक व चेंडूवरील ताबा ही खेळाची अंगे मात्र तीच राहतात. दुसऱ्याच्या हिरवळीवर काठ्या वाहून आत्मसात केलेले कौशल्य येथे स्वतःच्या जमिनीवर उतरलेले दिसते.

एस्प्लनेडचा माळ, छावण्यांतील ब्राउन व चेंबूरची गल्ली यांवरून असे दिसून येते की, गोल्फला जमीन व भोक हवे. बारमाही हिरवळ ही त्याची गरज नसून सवय आहे, आणि ती सवयही अलीकडची आहे. ज्या प्रदेशात ऋतू स्वतःच आठ महिने माळ तपकिरी ठेवतो, तेथे तो रंग स्वीकारणे हे खेळाच्या मूळ स्वरूपास धरूनच आहे.