गोलरक्षकाचा इतिहास

नित्य नेमाचे फळ लगेच दिसत नाही, हे बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या सूर्यनमस्कारांनी गाजलेल्या औंधास आम्ही सांगावयास नको. गोलरक्षकाचा खेळही त्याच जातीचा.

रिचर्ड अ‍ॅलन यांचा जन्म नागपूरचा, १९०२ सालचा. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीच्या पाच सामन्यांत २९ गोल केले. अ‍ॅलन यांनी एकही होऊ दिला नाही. पुढे १९३२ चे लॉस एंजेलिस व १९३६ चे बर्लिन मिळून त्यांच्यावर दोनच गोल झाले. सुवर्णपदके तीन!

तरीही ध्यानचंद घरोघर ठाऊक, अ‍ॅलन विस्मृतीत. जे घडले ते आपण लिहून ठेवतो. जे कोणी घडू दिले नाही, तेही इतिहासात यावयास हवे, असे आम्हांस वाटते.