मावा आणि त्याचे शत्रू : कीडनियंत्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे असो वा घाटकोपर-मुलुंडकडे, परसबाग राखणाऱ्या प्रत्येकास मावा ही कीड परिचित आहे. पाऊस सरून थंडी पडू लागली म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो, जास्वंदीच्या कळ्यांवर हिरवट-पिवळा मावा दिसू लागतो आणि मुळ्याच्या पानांखालीही त्याच्या वसाहती आढळतात. रस शोषला गेल्याने पाने आकसतात; किडीच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड, चिकट द्रवावर मुंग्या जमतात आणि पुढे त्यावरच काळी बुरशी चढते. हा उपद्रव क्षुल्लक वाटावा असाच आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे सहसा लक्ष दिलेले नाही. तथापि या किडीचा बंदोबस्त कसा करावा, या प्रश्नास जवळजवळ तीन शतकांचा इतिहास असून त्यातील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण महाराष्ट्रातच, २००२ नंतरच्या काही वर्षांत, उसाच्या शेतात घडले.

त्या प्रकरणाचा अर्थ लागण्यासाठी माव्याच्या जीवनक्रमातील एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. १७४० मध्ये जिनेव्हाच्या शार्ल बॉने याने जन्मापासून एकाकी ठेवलेल्या माव्याच्या मादीस नराच्या संगाविना पिले झाल्याचे दाखवून दिले. अनुकूल हवेत बहुतेक माव्यांच्या माद्या अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात आणि ती पिलेही थोड्याच दिवसांत प्रसवू लागतात. माव्यावर जगणारे ढालकिडे, सिरफिड माश्यांच्या अळ्या, क्रायसोपा इत्यादी कीटक मात्र भक्ष्य वाढल्यानंतरच वाढतात. मावा वाढणे आणि त्याचे शत्रू वाढणे यांच्यामध्ये असा एक अवधी पडतो. पिकाचे नुकसान होते ते या अवधीत. हा अवधी मनुष्याने कसा भरून काढावा, हाच माव्याच्या नियंत्रणाचा खरा प्रश्न होय. बॉनेचा समकालीन रेओम्यूर याने काचगृहातील माव्यावर क्रायसोपाच्या जातीचे कीटक सोडण्याचे सुचविले होते. म्हणजे उत्तराची एक दिशा अठराव्या शतकातच दिसली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानातील उपयोजित कीटकशास्त्राचा पाया घालणारांपैकी एक, हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय, यांचा हिंदी पिकांवरील किडींविषयीचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. साबणाचे पाणी, रॉकेल व साबण यांचे मिश्रण, तंबाखूचा काढा हे त्या काळचे उपाय होत. हे सर्व उपाय अंगास लागले तरच किडीस मारणारे आणि लवकर निष्प्रभ होणारे होते. तो त्यांचा दोष मानला गेला. परंतु फवाऱ्यातून सुटलेले मित्रकीटक जगून पुन्हा कामास लागत, ही त्या दोषाचीच दुसरी बाजू होती.

१९३९ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण उघड झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. मुंबईची महापालिका हद्द १९५० मध्ये अंधेरीपलीकडे व १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली; साष्टीतील वाड्या-मळ्यांच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. ज्या काळात तेथील बाग शेतकऱ्याच्या हातून गृहस्थाच्या हाती जात होती, तोच काळ या नव्या विषांच्या प्रसाराचा होता. डीडीटीने अनेक किडी मेल्या. पण माव्यावर तिचा प्रभाव बेताचा आणि ढालकिड्यांवर मात्र मोठा, यामुळे कित्येक ठिकाणी फवारणीनंतर मावा अधिकच माजला. या अनुभवातूनच पुढील विचार जन्मास आला. कॅलिफोर्नियात लसूणघासावर आलेल्या एका माव्याचा अभ्यास करणाऱ्या स्टर्न आदी चार शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडली: कीड दिसताच नव्हे, तर तिने होणारे नुकसान उपायाच्या खर्चाहून मोठे ठरू लागेल तेव्हाच औषध वापरावे आणि तेही मित्रकीटक राखून. भारतात १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनमिश्रित अन्नाने शंभराहून अधिक माणसे दगावली. १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला. १९८९ मध्ये डीडीटीचा शेतीतील वापर बंद करण्यात आला. ग्रंथगत ज्ञान अशा रीतीने सिद्ध होते. ते शेतात उतरले होते काय, याची कसोटी २००२ मध्ये लागली.

त्या वर्षीच्या जुलैत सांगली जिल्ह्यातील उसावर पांढरा लोकरी मावा आढळला. भारतात ही कीड १९५८ मध्येच पश्चिम बंगालमध्ये नोंदली गेली होती, आणि पुढे ईशान्येकडेही आढळली होती. दक्षिणेकडील उसास मात्र ती नवी होती. काही महिन्यांतच ती कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत व कर्नाटकाच्या सीमाभागात पसरली. पानांच्या खालच्या बाजूस मेणचट पांढरे तंतू, वरच्या बाजूस काजळी, आणि गुरांच्या चाऱ्यासाठी एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारे उसाचे वाढे, असा तिचा प्रवास होता. शेतकऱ्याने स्वाभाविकच फवारणीचा आश्रय घेतला. परंतु पुरुषभर वाढलेल्या दाट उसात औषध पानांच्या तळाशी पोचविणे दुष्कर, अंगावरील मेण भेदणे त्याहून दुष्कर. आणि जेथे औषध पोचले तेथे ते मित्रकीटकांवरही पडले.

याच शेतांत कोनोबाथ्रा नावाच्या लहान पतंगाच्या अळ्या व मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक माव्यावर जगत असल्याचे संशोधकांस आढळले. मांजरीची वसंतदादा साखर संस्था, कृषी विद्यापीठे व बंगळूरचे जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय यांनी या कीटकांकडे लक्ष वळविले. शेडनेटमध्ये त्यांची वाढ करण्यात आली. मित्रकीटक असलेली पाने कापून ती नव्या प्रादुर्भावाच्या शेतांत नेण्यात आली. पुढे ईशान्य भारतातून एन्कार्शिया ही सूक्ष्म परोपजीवी माशी आणून सोडण्यात आली. नत्रखताची मात्रा आटोक्यात ठेवणे, जोडओळ पद्धतीने लागवड करणे व बाधित वाढ्यांची वाहतूक टाळणे, हे उपायही जोडीस होते. क्रमाक्रमाने माव्याचा जोर ओसरला.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. महाराष्ट्राचे साखरेचे उत्पादन २००२-०३ मधील सुमारे ६२ लाख टनांवरून २००४-०५ मध्ये सुमारे २२ लाख टनांवर आले. हा सारा अनर्थ माव्याने केला असे मानणे चुकीचे ठरेल. त्याच काळात अवर्षणानेही उसाचे क्षेत्र घटले होते. तसेच माव्याच्या ओहोटीचे सर्व श्रेय सोडलेल्या कीटकांना देता येत नाही. त्यांतील पुष्कळसे शेतात आपोआपच वाढले होते. मनुष्याचे कार्य त्यांना वाढू देण्याचे व अवधी थोडा कमी करण्याचे होते. परंतु ते कार्य लहान नव्हे. ज्याचे वर्षाचे उत्पन्न उभ्या उसात गुंतलेले आहे, त्यास फवारा हातातून खाली ठेवावयास सांगणे ही केवळ शास्त्राची नव्हे, विश्वासाचीही बाब होती.

उपनगरातील परसबागेचा प्रश्न याच प्रश्नाचे लघुरूप आहे. तेथे माव्याने ग्रासलेला शेंडा खुडून टाकणे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कीड धुऊन काढणे, मुंग्यांची वाट तोडणे आणि गरज पडल्यास साबणाचे सौम्य पाणी वा निंबोळीचा ५ टक्के अर्क वापरणे, एवढ्याने बहुधा भागते. त्यापूर्वी पान उलटून ढालकिड्याची अळी तेथे आली आहे काय, हे पाहिले पाहिजे. मुंग्यांना हुसकावण्याचे कारणही हेच, की त्या गोड द्रवाच्या लोभाने या शत्रूंना माव्यापासून दूर ठेवतात. लेफ्रॉयच्या काळचे साबणाचे पाणी शंभर वर्षांनंतर अशा रीतीने पुन्हा उपयोगी ठरते. त्या वेळी ते दुसरे काही फारसे उपलब्ध नव्हते म्हणून वापरले जात होते. आज ते जाणून निवडावयाचे आहे.