शंभर अधिक वय

घरात सत्तरीचे आजोबा असतील तर 'शंभर अधिक वय' हा हिशेब तुमच्या कानावर आलाच असेल. वय सत्तर, म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे सत्तर असला तरी काळजी नको, असा त्याचा अर्थ. हा हिशेब कोणा अडाण्याने काढलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामांकित डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांना साधारण हेच शिकवीत. मग तो चुकीचा कसा ठरला, आणि कोणी ठरवला? ही गोष्ट अमेरिकेतल्या एका गावातून दिल्लीमार्गे नागपूरजवळच्या सेवाग्रामला आणि पुढे गडचिरोलीला येते. तीत औषधे कमी आहेत आणि गुरु-शिष्य जास्त.

तर्क सरळ, निष्कर्ष चुकीचा

वयाबरोबर धमन्या कडक होतात, काही ठिकाणी अरुंदही होतात. अरुंद नळातून पाणी पोचवायचे तर दाब वाढवावा लागतो. त्याअर्थी म्हातारपणी वाढलेला रक्तदाब ही शरीराने स्वतःच करून घेतलेली सोय आहे. तिला हात लावू नये, असा हा तर्क. बोस्टनचे पॉल डडली व्हाइट हे त्या काळचे हृदयरोगाचे थोर शिक्षक. त्यांच्या १९३० च्या दशकातील ग्रंथातही असाच सावधगिरीचा सूर होता.

या समजुतीचे परिणाम एका प्रसिद्ध रुग्णात दिसले. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना तपासले. रक्तदाब निघाला १८६/१०८, आणि हृदय थकलेले. अध्यक्षांच्या ज्येष्ठ डॉक्टरांचा सूर मात्र 'वयाच्या मानाने प्रकृती ठीक' असाच राहिला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट वारले. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

पण एका रुग्णावरून नियम सिद्ध होत नाही, तसा मोडतही नाही. त्यासाठी मोजणी लागते. अमेरिकन सरकारने १९४८ साली हृदयसंशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्या उभारणीत व्हाइट यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ३० ते ६२ वयाच्या ५२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे आणि कोणाला काय होते ते नोंदवत राहायचे, एवढेच काम. वर्षे गेली, गावकरी म्हातारे झाले आणि वह्या बोलू लागल्या. ज्यांचा वरचा आकडा जास्त, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त. म्हातारपणीही जास्तच! विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली वरच्या आकड्याचे महत्त्व स्पष्टपणे मांडले. व्हाइट यांनी ज्या कामाला बळ दिले, त्यानेच त्यांच्या पिढीची समजूत मोडली.

अजून एक शंका उरत होती. दाब घातक असेल, पण तो उतरवल्याने फायदा होतो का? १९९१ साली त्याचे उत्तर आले. साठ वर्षांवरील ४७३६ जणांचे यदृच्छेने दोन गट करून एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली होती. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. पाच वर्षांत पक्षाघात होण्याचे प्रमाण औषधाविना शंभरात ८.२ तर औषधाने ५.२ निघाले. ऐंशीच्या पुढच्या ३८४५ जणांवरील २००८ च्या चाचणीतही उपचार हिताचे ठरले.

दिल्लीच्या चुलीचा धूर

याच व्हाइट यांच्याकडे हार्वर्डला एक भारतीय विद्यार्थिनी शिकत होती. ब्रह्मदेशात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती. त्याआधी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्या हेलन टॉसिग यांच्या हाताखाली शिकल्या होत्या. १९५० च्या दशकात त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आल्या. फुप्फुसांच्या जुन्या दुखण्याने हृदयाची उजवी बाजू निकामी होते, तो रोग परदेशी पुस्तकांनुसार प्रामुख्याने उतारवयातल्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा. दिल्लीत मात्र तो बायकांमध्येही तितकाच आढळला, आणि तोही कमी वयात. या बायका विडी-सिगारेट क्वचितच ओढत. संशय चुलीच्या धुरावर गेला. पुढे पद्मावतींनी हृदयविकाराची लोकांमध्ये जाऊन पाहणी केली. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली. गुरूकडून त्यांनी उत्तरे उचलली नाहीत, तपासण्याची रीत उचलली. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सेवाग्राम आणि गडचिरोली

आता आपल्या मुलखात येऊ. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. शहरातून आलेला मुलगा पहिल्याच वर्षी घरोघर फिरून माणसांची नोंद करायला शिकतो. पुढे संशोधन करणाऱ्याला हा धडा फार उपयोगी पडतो. रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरला फक्त आलेले रुग्ण दिसतात. म्हणजे अपूर्णांकातला अंश त्याच्या हाती असतो, छेद गावात असतो.

सेवाग्रामच्या पाच डॉक्टरांनी हा छेद शोधला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावर उल्हास जाजू, एस. पी. कलंत्री, ओ. पी. गुप्ता, ए. पी. जैन आणि के. गुप्ता अशी नावे आहेत. यांपैकी ओ. पी. गुप्ता हे मेडिसिन विभागातील ज्येष्ठ शिक्षक. परिसरातील सुमारे अडीच हजार ग्रामस्थांच्या पाहणीत हृदयधमनी विकाराचे प्रमाण शंभरात दोनपेक्षाही कमी निघाले. चंडीगढ शहरात १९६८ साली ते ६.६ आढळले होते. पद्धती आणि काळ वेगवेगळे असल्याने ही तुलना जपूनच करावी. पण विदर्भातल्या खेड्याबद्दल बोलायला आता एक आकडा हाती आला.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले अभय आणि राणी बंग हे दांपत्यही पुढे त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आले. त्यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथे मेंदूविकारतज्ज्ञ योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. घरच्यांना मृत्यूपूर्वीची लक्षणे विचारून कारण ठरवले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते, म्हणजे दर सातांत एक. मृत्यूच्या कारणांत हे पहिले निघाले. या मृतांचे सरासरी वय सदुसष्टच्या आसपास होते, आणि आठांपैकी सात जण घरीच वारले होते! रुग्णालयाच्या नोंदवहीत ते कधी दिसलेच नसते. २०१५ साली आलेल्या या निबंधावर पहिले नाव काळकोंडे यांचे आणि शेवटचे अभय बंग यांचे आहे. वैद्यकीय निबंधांत मार्गदर्शकाने शेवटी उभे राहण्याची रीत आहे.

पुढे उभे राहून उत्तर सांगणारा शिक्षक सोपा. पण शिष्याच्या हाती मोजपट्टी देऊन मागे उभा राहणारा आणि ती पट्टी आपल्यालाही लावू देणारा मिळणे कठीण. तो मिळाला नसता तर 'शंभर अधिक वय' अजूनही पुस्तकात राहिले असते.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला शांत बसवा. दोघे त्याच्या दोन मनगटांवर एकाच वेळी एक मिनिट नाडी मोजतील, पण आकडा एकमेकांना न सांगता कागदावर लिहितील. दहा जोड्या झाल्या की सगळे आकडे फळ्यावर मांडा. किती जुळले? चुकले ते का चुकले? अकराव्या जोडीत शिक्षकांनी स्वतः बसावे. आपला आकडा विद्यार्थ्याच्या आकड्याशी जुळला नाही तर तो पुसू नये. 'आता कोणाचे बरोबर हे कसे ठरवायचे?' असे वर्गाला विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.